हॉलची किल्ली कुणाकडे आहे?

जुलै २०२१. तेवीस तारीख उजाडायला दोन-तीन तास बाकी असतील. पाऊस असा की गाडीचा वायपर नुसता हलत होता, पुढचं काही दिसत नव्हतं. वेदगंगेकाठच्या एका वाडीतली पंधरा-वीस कुटुंबं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वरच्या अंगाच्या एका शिक्षण संस्थेच्या गेटवर येऊन थांबली होती. म्हाताऱ्या, बाळंतीण, शाळकरी पोरं, बोचकी, दोन गॅसच्या शेगड्या आणि प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं एक देव्हारं. गेट उघडं होतं. हॉलला कुलूप होतं.

वॉचमन बिचारा कंदिलासारखा उभा. म्हणाला, किल्ली क्लार्कसाहेबांकडं. क्लार्कसाहेब कुठं? तर ते नदीपलीकडच्या गावात, आणि पूल संध्याकाळीच पाण्याखाली गेलेला. प्राचार्यांचा फोन लागत नव्हता, टॉवरच बंद पडलेला. शेवटी सायकल स्टँडच्या पत्र्याखाली सगळ्यांना बसवलं. पाऊण तासानं कुणीतरी पहार आणली आणि कोयंडा उचकटला. आत गेल्यावर कळलं की पाण्याची मोटर चालू करायची पेटी दुसऱ्या खोलीत आहे, आणि तिलाही कुलूप आहे.

मी त्या संस्थेचं नाव लिहिणार नाही. कारण दोष तिचा एकटीचा नव्हता. त्यांना आधी कुणी विचारलंच नव्हतं. तालुक्याच्या कागदावर 'निवारा केंद्र' म्हणून नाव होतं का, हे त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, आणि त्या रात्री तिथं असलेल्या एकाही सरकारी माणसाला नव्हतं.

आज हे लिहायचं कारण म्हणजे परत जून आलाय. बिद्रीच्या बाजारात घोंगडी, प्लॅस्टिकचे कागद आणि छत्र्या टांगल्यात. तहसीलला आणि जिल्ह्याला मान्सूनपूर्व बैठका झाल्या, त्यांच्या बातम्या मीही लावल्या. 'सर्व यंत्रणांनी सतर्क राहावे.' हे वाक्य मी वीस वर्षं टाइप करतोय, आता बोटं आपोआप टाइप करतात. त्या बैठकांना महसूल, पाटबंधारे, बांधकाम, महावितरण, आरोग्य, पोलीस सगळे असतात. कॉलेजचा माणूस तिथं बसलेला मी क्वचितच बघितलाय. आणि पाणी आलं की पहिला फोन जातो तो कॉलेजलाच. हॉल द्या, पोरं द्या, बस द्या.

आपला भाग कसा आहे बघा. साखर कारखान्याच्या नावातच दोन नद्या आहेत, दूधगंगा आणि वेदगंगा. वर काळम्मावाडी आणि पाटगावची धरणं. जोराचा पाऊस चार दिवस लागला की मडिलग्याजवळ गारगोटी रस्त्यावर पाणी, निढोरीकडं मुरगूडचा रस्ता बंद, आणि खाली यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी थेट पुणे-बेंगळुरू हायवेवर. म्हणजे मुदाळ तिट्ट्यावर चार दिशांना रस्ते फुटतात खरे, पण पुराच्या आठवड्यात त्यातला कुठला चालू राहील हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. आपण दोन नद्यांच्या मधे बेटासारखे उरतो.

अशा वेळी बाहेरून मदत येईल म्हणून किती थांबायचं? एनडीआरएफचं पथक आपल्याकडं येतं ते पुण्याजवळच्या तळावरून. अलीकडं पावसाळ्यात एखादं पथक कोल्हापुरात आधीच आणून ठेवतात, चांगली गोष्ट आहे. पण २०१९ आठवा. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, कोल्हापूरचे सगळे दरवाजे बंद झाले, आणि नौदलाची माणसं विमानानं आणावी लागली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. त्या वर्षी पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं. सगळे म्हणाले, असा पूर शंभर वर्षांत एकदाच. दोन वर्षांनी ५६ फूट ३ इंच झालं.

एवढ्या मोठ्या पुरात पथकं आली तरी ती शहराकडं आणि शिरोळकडं जाणार, आणि गेलीच पाहिजेत, तिथं पाणी जास्त आणि माणसं जास्त. बिद्री, बोरवडे, मुरगूडच्या आसपासच्या वाड्यांना पहिले छत्तीस तास स्वतःच काढावे लागतात. आणि या पट्ट्यात पक्की इमारत, मोठं पटांगण, स्वच्छतागृहांची रांग, पाण्याची टाकी, संगणक आणि शंभर-दोनशे धडधाकट पोरं-पोरी एका जागी कुठं आहेत? आपल्या बिद्रीत दूधसाखर महाविद्यालय आहे. गारगोटीला मौनी विद्यापीठाचा मोठा पसारा आहे, कॉलेजं आहेत, ग्रामीण अभियांत्रिकीची पॉलिटेक्निक आहे. मुरगूडला कॉलेज आहे, कागलला आहे. सरकारनं उद्या एक कोटीची निवारा इमारत बांधतो म्हटलं तर आपण सत्कार करू. इथं ती बांधूनच ठेवलीय. फक्त तिच्याशी बोलणी झालेली नाहीत.

आता कुणी म्हणेल, बोलणी कशाला, आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना अधिकार आहेत, इमारत ताब्यात घेता येते. बरोबर आहे. २००५ च्या कायद्यात इमारती, वाहनं, सामान अधिग्रहित करायची सोय आहे, नुकसानभरपाईचीही तरतूद आहे. कोविडमध्ये आपण ते पाहिलं. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात कोविड केंद्र चाललं, कितीतरी वसतिगृहं एका आदेशावर ताब्यात घेतली. पण आदेशानं इमारत मिळते. मोटरची पेटी कुठल्या खोलीत आहे, हे आदेशात नसतं. कुठल्या वर्गाचं छत गळतं, तळमजल्यात पाणी शिरतं का, विज्ञान शाखेच्या प्रयोगशाळेत ॲसिडच्या बाटल्या आहेत त्या खोलीपासून लहान पोरं लांब कशी ठेवायची, हे तिथल्या शिपायाला आणि लॅब असिस्टंटला माहीत असतं. त्या माणसांना जून महिन्यातच मांडीला मांडी लावून बसवावं लागतं.

विद्यापीठाचंच एक चांगलं उदाहरण देतो. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर शहराचे उपसा पंप बुडाले आणि शहर पाण्यात राहून पाण्याला महाग झालं. तेव्हा सागरमाळावरच्या शिवाजी विद्यापीठानं आपल्या आवारातल्या तलावांचं पाणी शहराला दिलं. हे का जमलं? कारण विद्यापीठानं त्याआधी कित्येक वर्षं तळी राखली होती, पावसाचं पाणी अडवलं होतं. पूर आल्यावर तलाव खणता येत नाही. मला म्हणायचंय ते एवढंच आहे, पण ते नीट सांगायला जरा खोलात जावं लागेल.

पहिला घोळ वेळापत्रकाचा आहे, आणि तो कुणाच्याच लक्षात येत नाही. आपला पूर कधी येतो? २००५ ला जुलैअखेर सुरू झाला. २०१९ ला ऑगस्टचा पहिला-दुसरा आठवडा. २०२१ ला जुलैचा शेवटचा आठवडा. आता कॉलेजात त्या वेळी काय चालू असतं? ॲडमिशन. पहिल्या वर्षाच्या याद्या लागत असतात, फी भरायची लाइन असते, एनएसएसची नवीन नोंदणी अजून सुरू व्हायची असते. एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर दत्तक गावात होतं ते दिवाळीनंतर, बहुतेक डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे ज्या आठवड्यात पोरांची सगळ्यात जास्त गरज, त्या आठवड्यात एनएसएसचं युनिट कागदावर अर्धंच असतं. जुने पास होऊन गेले, नवे अजून आले नाहीत.

याला उपाय अवघड नाही, पण तो कॉलेजनं आणि तहसीलनं मिळून करावा लागेल. दुसऱ्या वर्षाला गेलेली पोरं ही पावसाळ्याची तुकडी. त्यांची नावं, गाव, रक्तगट, पोहता येतं का, मोटारसायकल आहे का, ही यादी एप्रिलमध्ये परीक्षेआधी तयार करायची. प्रशिक्षण जानेवारी ते मार्चमध्ये द्यायचं, जेव्हा एनडीआरएफलाही सवड असते आणि नदीलाही. आणि हिवाळी शिबिर? तिथं आपण काय करतो, खरं सांगा. रस्त्याकडेचं गवत काढतो, शाळेला चुना मारतो, रात्री पथनाट्य. वाईट नाही. पण तेच शिबिर वेदगंगेकाठच्या गावात घेऊन सात दिवसांत घरोघर फिरून एक नकाशा का करू नये? कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुठली बाई जुलै-ऑगस्टात बाळंत होणार, कुणाकडं डायलिसिसचा पेशंट आहे, किती म्हशी, वैरण किती दिवसांची, २०१९ ला पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं. ही वही ग्रामसेवकाकडं एक, पोलीस पाटलाकडं एक आणि कॉलेजात एक. घरातल्या आजारपणाची माहिती आहे, ती व्हॉट्सॲपवर फिरवायची नाही, हे पोरांना बजावून.

एनएसएस १९६९ पासून आहे. एका स्वयंसेवकानं दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं. एका युनिटमध्ये साधारण शंभर पोरं. आता तर नव्या शैक्षणिक धोरणात त्याला क्रेडिटही मिळतात. तासांची कमतरता नाहीये. ते तास कुठं घालवायचे, एवढंच ठरवायचं राहिलंय.

पॉलिटेक्निकच्या पोरांसाठी तर माझ्या डोक्यात कधीपासून एक काम आहे. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला ती लेव्हल मशीन घेऊन कॉलेजच्याच मैदानात पट्ट्या धरून उभी राहतात. त्यांना नदीकाठच्या गावात न्या. २०१९ आणि २०२१ च्या पाण्याची खूण भिंतींवर अजून दिसते, नसेल तिथं म्हातारी माणसं बोट ठेवून दाखवतात. ती पातळी मोजा आणि प्रत्येक गावच्या देवळावर, शाळेवर, दूध डेअरीवर रंगानं पट्टा मारा. खाली फूट लिहा. पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषा नकाशावर असतात. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. ते नकाशे सामान्य माणूस कुठं बघतो? घर बांधायला परवानगी अडली की तेव्हा. डेअरीवरचा पट्टा रोज सकाळ-संध्याकाळ दूध घालताना दिसेल. बंधाऱ्यावर अमुक फूट पाणी झालं की आपल्या डेअरीच्या कितव्या पायरीला लागतं, हा हिशेब एकदा बसला की बातमीतल्या आकड्याला अर्थ येतो. आत्ता मी 'पाणी ४३ फुटांवर' लिहितो आणि बिद्रीचा माणूस विचारतो, म्हणजे आपल्याकडं काय?

आता जनावरं. पूर, स्थलांतर, निवारा यावर बोलणारे शहरातले लोक हा विषय एका ओळीत उरकतात. इथं तोच मुख्य विषय आहे. माणूस घर का सोडत नाही? कारण गोठ्यात दोन म्हशी आणि एक वासरू आहे, आणि त्यांच्या दुधावर सोसायटीचं कर्ज चाललंय. पंचगंगेकाठी चिखली-आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला जायची सवय आहे, तरी तिथंही शेवटपर्यंत गोठ्यापायी माणूस मागं रेंगाळतो. तुम्ही कॉलेजचा हॉल द्या, गाद्या द्या, खिचडी द्या, म्हशी कुठं बांधायच्या ते सांगितलं नाही तर घरातला कर्ता बाप्या येणारच नाही. तो पाण्यात उभा राहील आणि रात्री दोनला त्याच्यासाठी बोट मागवावी लागेल.

कॉलेजच्या पटांगणात म्हशी बांधायला संस्थाचालक सहज तयार होणार नाहीत, मला कल्पना आहे. पेव्हिंग ब्लॉक बसवलेत, लॉन केलंय. मग इथं दुसरा भागीदार लागतो, तो म्हणजे कारखाना. साखर कारखान्याचा गाळप हंगाम पावसाळ्यात बंद असतो. ऊसवाहतुकीच्या गाड्यांचा तळ रिकामा, वाहनं आणि ट्रॉल्या उभ्या, वर्कशॉपमध्ये वेल्डर-फिटर आहेत, जनरेटर आहेत. माणसं कॉलेजात, जनावरं कारखान्याच्या तळावर, आणि मधे ट्रॅक्टर. नकाशावर बघितलं तर कुणीतरी मुद्दाम आखून दिल्यासारखं आहे. फक्त कॉलेजचे प्राचार्य, कारखान्याचे कार्यकारी संचालक, तहसीलदार आणि पशुधन अधिकारी एका टेबलाशी बसले पाहिजेत. चहाचा खर्च मी करतो.

पोरांना पाण्यात उतरवायचं का? माझं उत्तर स्पष्ट आहे, नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली. सतरा जणांचे जीव गेले. बोट गावचीच होती, आणि जीव वाचवायलाच सगळे त्यात बसले होते. त्या दिवसापासून 'उत्साही तरुणांनी बोट चालवली' अशी कौतुकाची बातमी लिहिताना माझा हात थांबतो. पाण्यातलं काम एनडीआरएफचं, अग्निशमनचं, आणि व्हाईट आर्मीसारख्या शिकलेल्या लोकांचं. कॉलेजच्या पोरांनी कोरड्या जमिनीवरची शंभर कामं करावीत. आणि ती कमी महत्त्वाची नाहीत. निवारा केंद्राच्या दारात नोंद ठेवणं हे काम बघा. कोण आलं, कुठल्या घरातलं, कोण मागं राहिलं. २०१९ ला अर्ध्या बोटी अशा माणसांना शोधत फिरल्या असतील जी आधीच पाहुण्यांकडं पोचली होती. हा माझा अंदाज आहे, पण पुरात फिरलेल्या कुठल्याही तलाठ्याला विचारा.

अफवांचं काम तर फक्त पोरंच करू शकतात. दर पुरात एक व्हॉइस मेसेज फिरतो, 'धरण फुटलंय, पळा.' बहुतेक वेळा खोटा असतो. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की ते त्यांचं नेहमीचं काम असतं, पण खाली बोंब होते. आणि मग १ सप्टेंबर २०२१ ची रात्र येते. भुदरगड तालुक्यातला मेघोलीचा तलाव खरंच फुटला. मला पहिला फोन आला तेव्हा, कबूल करतो, मी म्हटलं, झोपा हो, रोजचं आहे. दुसरा फोन आला, तिसरा आला, आणि मग उठून बसलो. एका बाईचा जीव गेला, जनावरं वाहून गेली, शेतं खरवडून निघाली, आणि ते पाणी अंधारात वेदगंगेला येऊन मिळालं. त्या तलावाच्या गळतीची ओरड आधीपासून होती. खरी बातमी आणि अफवा एकाच नंबरवरून, एकाच आवाजात येते. ती तपासून दहा मिनिटांत वीस गावांना 'खरं आहे' किंवा 'खोटं आहे' सांगणारी जागा आपल्याकडं त्या रात्री नव्हती, आजही नाही. कॉलेजच्या संगणक विभागात पूरकाळात चोवीस तास दोन-दोन पोरांची पाळी, त्यांच्याकडं पाटबंधारेच्या आणि तहसील नियंत्रण कक्षाच्या माणसाचा थेट नंबर, आणि गावागणिक एक ओळखीचा माणूस. एवढंच लागतं. २०१८ च्या महापुरात केरळ सरकारच्या आयटी मिशननं स्वयंसेवक तंत्रज्ञांना घेऊन काही तासांत मदतीची वेबसाइट उभी केली होती. आपली पोरं रील एवढी चांगली बनवतात, एक गावनिहाय यादी बनवतील की.

आणि पाणी उतरल्यावरचं काम. ज्यांनी २०१९ बघितलं त्यांना चिखल आठवतो. घराघरात गुडघाभर, कपाटात, पिठाच्या डब्यात, देवाच्या मागं. पुराचे फोटो काढायला सगळे येतात, चिखल काढायला घरातली बाईच असते. न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चला २०१० च्या आणि २०११ च्या भूकंपात जमिनीतून असाच गाळ वर आला. तिथल्या कँटरबरी विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्यानं फेसबुकवरून मित्रांना हाक दिली, आणि बघता बघता हजारो विद्यार्थी फावडी आणि हातगाड्या घेऊन गल्लीगल्लीतला गाळ उपसायला लागले. 'स्टुडंट व्हॉलंटियर आर्मी' म्हणून ती चळवळ आजही चालू आहे. आपल्या पोरांनीही २०१९ ला, २०२१ ला खूप काम केलं, मी डोळ्यांनी बघितलंय. पण गमबूट नव्हते, हातमोजे नव्हते, लेप्टोची गोळी कुणी दिली नाही, आणि कुठल्या गावात पन्नास पोरं एकदम तर शेजारच्या गावात एकही नाही. रस्त्याकडेला मात्र मदत म्हणून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग भिजत पडलेले.

सरकारकडं योजना नाहीत असं नाही. राज्यपालांच्या पुढाकारानं 'आव्हान' हे शिबिर भरतं, त्यात राज्यातल्या सगळ्या विद्यापीठांच्या एनएसएसच्या पोरांना एनडीआरएफचे जवान शिकवतात. 'आपदा मित्र' योजना २०१६ ला सुरू झाली. आता 'युवा आपदा मित्र' आलीय, देशातल्या ३१५ जिल्ह्यांत एनसीसी, एनएसएस, नेहरू युवा केंद्र आणि स्काउट-गाइडच्या सुमारे २ लाख ३७ हजार मुलांना प्रशिक्षण द्यायचं उद्दिष्ट आहे. चांगलंय. पण 'आव्हान'ला एका कॉलेजातून किती जातात? दोन-चार. ती पोरं सर्टिफिकेट घेऊन येतात, वर्षभरात पदवी होते, आणि पुण्याला किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला लागतात. ज्या पोराला दोरखंडाची गाठ मारता येते तो पुराच्या दिवशी चाकणला शिफ्टवर असतो. म्हणून माझा आग्रह आहे की यादी माणसाची नको, संस्थेची हवी. पोरं बदलतील, कॉलेज जागच्या जागी राहील. दरवर्षी जुन्या तुकडीनं नव्या तुकडीला शिकवायचं, हे कॉलेजच्या वेळापत्रकात छापलेलं पाहिजे.

आता कॉलेजवाल्यांची बाजू. माझे दोन-तीन प्राध्यापक मित्र हे वाचून चिडणार, त्यांचं चुकत नाही. म्हणतात, जनगणना आमच्याकडं, निवडणूक आमच्याकडं, मतदार नोंदणी आमच्याकडं, आता पूरही आमच्याकडं द्या. निम्म्या जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरच्या पोरांवर विभाग चाललेत. एनएसएसचा कार्यक्रम अधिकारी म्हणजे ज्याला नाही म्हणता येत नाही तो माणूस. त्याला वर रात्री-अपरात्री निवारा केंद्र सांभाळायला लावायचं, आणि उद्या एखाद्या पोराला साप चावला तर आई-बाप कुणाची कॉलर धरणार?

म्हणून तर लेखी पाहिजे म्हणतोय. कोण आदेश देणार, कोण जबाबदार, पोरांचा विमा कोण उतरवणार, पालकांची संमती कधी घ्यायची, मुलींच्या पाळ्या किती वाजेपर्यंत आणि घरी सोडायला गाडी कुणाची. लाइटबिल, पाणी, स्वच्छतागृहं साफ करायची मजुरी, मोडलेली बाकं, हे पैसे कुठल्या खात्यातून आणि किती दिवसांत. एकदा आठ दिवस लोकांना ठेवल्यावर एका संस्थेला बिलासाठी दोन वर्षं टेबलाटेबलावर फिरावं लागलेलं मी बघितलंय. ती संस्था पुढच्या वेळी किल्ली शोधायला वेळ लावणारच, तुम्ही-मी तिच्या जागी असतो तरी लावला असता.

करार म्हटलं की आणखी एक भीती. कॉलेजांना करार करायची चटक आहे. नॅकची समिती यायची असली की सामंजस्य करारांची फाइल जाड करतात. या संस्थेशी करार, त्या उद्योगाशी करार, हार, शाल, ग्रुप फोटो, आणि नंतर दोन्हीकडच्यांना आठवत नाही कशाचा होता. तसला अजून एक करार नको. मला विचाराल तर एक पान पुरे. त्यावर किल्ल्या असणाऱ्या तीन माणसांची नावं आणि नंबर, त्यातला एक तरी नदीच्या अलीकडं राहणारा. इमारतीचा हातानं काढलेला नकाशा. किती माणसं मावतात. जनावरांचा तळ कुठं. खर्चाचं खातं. आणि दरवर्षी जूनच्या पहिल्या शनिवारी एक रंगीत तालीम, खरीखुरी. सायरन वाजवून फोटो काढायची नव्हे. एका वाडीतली पाच कुटुंबं ट्रॉलीत बसवायची, कॉलेजात आणायची, हॉल उघडायचा, नोंद करायची, चहा द्यायचा आणि परत सोडायचं. जे कुलूप उघडत नाही ते त्या दिवशी कळेल.

आपल्याकडं अलमट्टीवर बोलायला सांगा, चहाच्या टपरीवर कुणीही तासभर बोलेल. ५१९ मीटर, ५२४ मीटर, बॅकवॉटर, कर्नाटक. तो लढा महत्त्वाचा आहे, लढलाच पाहिजे, मीही त्यावर लिहितो. पण अलमट्टीचे दरवाजे आपल्या हातात नाहीत. हॉलचा आहे.

सोमवारी सकाळी अकरा वाजता मी कागल तहसील कार्यालयात जाणार आहे. सोबत एक अर्ज आहे, त्यात दोनच प्रश्न. बिद्री परिसरातल्या कुठल्या शाळा-कॉलेजांची नावं यंदा निवारा केंद्र म्हणून कागदावर आहेत, आणि त्या संस्थांना तसं लेखी कळवलंय का. त्यानंतर दुपारी एक-दोन प्राचार्यांना भेटायचं ठरलंय. एनएसएसची जुनी पोरं, कारखान्यातले कामगार, दूध संस्थेचे सचिव, कुणीही या. येणार असाल तर आज रात्रीपर्यंत कळवा, म्हणजे गाड्या जुळवता येतील. आणि येण्याआधी आपापल्या गावातल्या शाळेच्या किंवा कॉलेजच्या हॉलची किल्ली रात्री कुणाच्या घरी असते, ते घर नदीच्या कुठल्या बाजूला आहे, एवढं विचारून या.